चिठ्ठीत निघालेला इलाज

‘मला माहीत नाही’ असं कुणी म्हटलं की ईश्वरप्पाचं डोकं फिरायचं. औशाच्या पेठेत त्याचं किराणा दुकान होतं, आणि दुकानदाराला माहीत नसून चालतंय होय? गूळ कुठला, डाळ कधीची, टँकर आज येणार की उद्या, जिल्हा नवा झाला तर औशाला काय मिळणार, सगळं त्याला ठाऊक असायचं. नसलं तर तो बेधडक ठोकून द्यायचा. पण ‘माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

आणि इथं लातूरच्या सरकारी दवाखान्यात, चांगला शिकलेला, डोळ्यावर चष्मा लावलेला डॉक्टर त्याच्या तोंडावर सांगत होता, “खरं सांगू का, मला माहीत नाही.”

“म्हाईत न्हाई?” ईश्वरप्पा खुर्चीतून उठलाच. “आवं, मग आमी इथं कशाला आलाव? औशातबी कुणाला म्हाईत न्हाई की! फुकट एसटीत धक्के खाल्ले व्हय आमी?”

“बसा हो जरा,” त्याची बायको रत्नम्मा म्हणाली आणि खोकली. खोकला आला की ती पदराचा बोळा तोंडाशी धरायची आणि मान वळवून भिंतीकडं बघायची. क्षय झालाय हे कळल्यापासून तिनं नवऱ्याकडं तोंड करून खोकणं सोडलं होतं.

डॉक्टर देगलूरकर नांदेडकडचा. वयानं तरुण, बोलायला सावकाश. ईश्वरप्पाचा आवाज चढला तरी त्याचा चढला नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. क्षयावर जुना इलाज आहे, सुया आणि गोळ्या, दीड वर्ष. आता एक नवा इलाज आलाय, लाल कॅप्सूलचा, सहा महिन्यांचा. बाहेर गुण येतो असं ऐकलंय. पण आपल्याकडची माणसं, त्यात हा दुष्काळ, अर्धपोटी शरीरं. त्यांना तो मानवतो का, कावीळ होते का, रोग उलटतो का, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून काही पेशंटना जुना द्यायचा, काहींना नवा, आणि बघायचं.

“म्हंजे आमच्यावर करून बघून राहिलाव,” ईश्वरप्पा म्हणाला. त्याला वाटलं आता डॉक्टर कानावर हात ठेवील.

“हो,” डॉक्टर म्हणाला. “तुमची मर्जी असेल तरच. नसेल तर जुना इलाज मिळेलच, कुणी रागावणार नाही. आणि जुन्यानं गुण नाही आला, तर मधेच नवा देऊ.”

हे शेवटचं वाक्य दोघांच्याही कानावरून गेलं. ईश्वरप्पाच्या, कारण तो रागात होता. रत्नम्माच्या, कारण ती डॉक्टरच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी शिकलेला माणूस खरं बोलताना दिसत होता, आणि तिला तो फार आवडला.

“कुणाला जुना, कुणाला नवा, ते कोन ठरवतंय?” तिनं विचारलं.

“चिठ्ठी. या डब्यात बंद पाकिटं आहेत. निघेल ते.”

“आन पाकिटात काय निघायचं ते कोन ठरवतंय?”

“कुणीच नाही. मीपण नाही. तेच तर महत्त्वाचं आहे.”

रत्नम्मा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. “कुनीच न्हाई म्हंजे त्योच की,” ती वर बोट करून म्हणाली.

डॉक्टरनंही हसून मान हलवली, आणि तिथंच घोळ झाला. आपल्याकडं लग्नाचं स्थळ असो, विहिरीची जागा असो, माणसाला सुचेनासं झालं की देवापुढं दोन चिठ्ठ्या टाकतात. एक उचलायची, निघेल तो देवाचा कौल, आणि कौल मोडायचा नसतो. डॉक्टरला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण दवाखान्यातल्या बिस्किटाच्या डब्याला कुणी देवघर मानील हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

रत्नम्मानं त्या दिवशी चिठ्ठी काढली नाही. सोमवारी काढीन म्हणाली, आंघोळ करून. आता दुष्काळात दवाखान्यात आंघोळीला पाणी मागणं म्हणजे सोनं मागण्यासारखंच! नर्स सिंधु सिस्टर वैतागली. पण ही बाई आदल्याच दिवशी एक्स-रेच्या खोलीतही नडली होती. गळ्यातलं सगळं काढा म्हटल्यावर इष्टलिंगाची चांदीची डबी काढायला तिनं साफ नकार दिला होता. अंगावरचं लिंग अंगावेगळं करायचं नसतं, मेल्यावरसुद्धा. शेवटी दोरा गळ्यातून सोडून तिनं डबी मुठीत आवळून धरली आणि मग फोटो निघाला. तेव्हा सिस्टरनं ओळखलं, हिच्यापुढं आपली डाळ शिजणार नाही.

सोमवारी ईश्वरप्पानं टँकरच्या रांगेत उभं राहून कळशीभर पाणी आणलं. रत्नम्मा न्हाली, कपाळाला भस्म लावलं, तळहातावर लिंग घेऊन पूजा केली आणि ओल्या केसांनीच डॉक्टरच्या खोलीत आली. सिंधु सिस्टरनं डबा पुढं धरला. रत्नम्मानं आत हात घातला, डोळे मिटले आणि तिचे ओठ हलत राहिले. हलतच राहिले.

“केवढं बोलून राहिलीस देवाशी?” ईश्वरप्पा म्हणाला. “मागं रांग हाय.”

पाकीट उघडलं. सुया. जुना इलाज.

ईश्वरप्पाचं तोंड उतरलं. रत्नम्मानं ते पाकीट डोळ्यांना लावलं आणि जपून कमरेला खोचलं.

औशाचं दुकान पुतण्या शिवलिंगवर सोपवून दोघांनी दवाखान्याजवळ एक खोली घेतली. तीस वर्षांचा संसार, पोरबाळ नाही, त्यामुळं बिऱ्हाड हलवायला वेळ लागला नाही. रोज सकाळी रत्नम्मा सुई घेऊन यायची. सुईनं दुखायचं, कानात गुणगुण व्हायची, पण तिनं कधी ब्र काढला नाही. कुरकुर करायला ईश्वरप्पा होताच.

डॉक्टरनं सांगितलं होतं, हा रोग ताटातून, वाटीतून लागत नाही, खोकल्यातून लागतो. तोंडावर कापड धरा, खिडकी उघडी ठेवा. रत्नम्मानं कापड धरलं, खिडकी उघडी ठेवली, आणि वर आपलं ताट, तांब्या, फुलपात्र वेगळं केलं ते केलंच. डॉक्टर खरं बोलतो हे तिला मान्य होतं, पण नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला की तिचा कुणावरच भरवसा नव्हता. पिठाला तर ती हातच लावीना. तिच्या हातची भाकरी नवऱ्यानं खायची आणि त्याला काही झालं तर?

मग भाकरी करणार कोण? ईश्वरप्पा. ज्या माणसानं जन्मात चुलीपुढं बूड टेकवलं नाही, तो परातीपुढं मांडी घालून बसला. पीठ हाताला चिकटायचं, भाकरी तव्याला चिकटायची, आणि शिव्या बसायच्या ज्वारीला.

“आवं, गोल करा की,” रत्नम्मा खाटेवरून म्हणायची. “ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?”

“खायची तर खा. लई शानी!”

“बगा बगा, हितं अहमदपूर फुगलंय. आन आपला औसा तर तुटूनच पडलाय तव्यात.”

तो चिडायचा आणि ती पदरात तोंड घालून हसायची. हसता हसता खोकला यायचा, मग हसणं राहून जायचं आणि खोकलाच उरायचा. ईश्वरप्पा तव्याकडं बघत बसायचा. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्याला फार वाटायचं, पण जवळ गेलं की ती हातानंच ‘लांब’ म्हणून खुणवायची.

एक गोष्ट त्याला सगळ्यात जास्त खुपायची. त्यांच्यात ताटात घेतलेलं अन्न टाकायचं नाही. देवाला दाखवून घेतलेला तो प्रसाद. शेवटचं शीत संपवायचं, ताटात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. रत्नम्मा ते कधी चुकवायची नाही. चुकूनमाकून काही उरलंच, तर ते घरातल्या माणसानं संपवायचं, अशी रीत. आणि आपलं उष्टं नवऱ्याच्या पोटात जायला नको, म्हणून ती मोजकंच घ्यायची. आधी एक भाकरी, मग अर्धी. नंतर चतकोर घेऊन बसायला लागली.

“आगं, चतकोरानं काय होतंय?”

“जेवढं जातंय तेवढंच घ्यावं. टाकायचं हाय का?”



दवाखान्यात औषधाच्या रांगेत रेणापूरकडची साखराबाई भेटायची. शेतकऱ्याच्या घरातली, धिप्पाड हाडापेराची, पण रोगानं पार चिपाड झालेली. तिला नवा इलाज निघाला होता. पहिल्याच दिवशी ती बोंबलत बाहेर आली होती, “आगं बया, मला रगत जाऊन राहिलंय!” ते रक्त नव्हतं, कॅप्सूलचा लाल रंग लघवीत उतरतो, एवढंच. सिंधु सिस्टरनं समजावून समजावून हात टेकले होते. पण बघता बघता साखराबाईच्या गालावर मांस चढलं. आवाज परत आला, आणि तो आवाज असा होता की परत आला नसता तरी वॉर्डानं तक्रार केली नसती.

आणि रत्नम्माला एका सकाळी खरंच रक्त पडलं. खोकल्यातून, पदरावर. तिनं पदराची घडी करून ते झाकलं, पण ईश्वरप्पानं बघितलं होतं.

दवाखान्यात दाखल केलं. नव्या औषधावर नजर ठेवायला साखराबाईला अजून वॉर्डातच ठेवलं होतं. तिच्या शेजारची खाट मिळाली. डॉक्टर देगलूरकरनं थुंकी तपासली, फोटो पुन्हा काढला, आणि स्वतः खाटेजवळ स्टूल ओढून बसला.

“रत्नम्मा, जुन्या औषधाला तुमचे जंतू दाद देत नाहीत. आता लाल कॅप्सूल सुरू करू. आजच.”

ईश्वरप्पाच्या जिवात जीव आला. “द्या, द्या! मी पह्यल्या दिसापसून तेच म्हनतोय.”

“न्हाई,” रत्नम्मा म्हणाली.

“काय?”

“मला सुई निघालीय. मी सुईच घेनार.”

डॉक्टरला वाटलं हिला नीट ऐकू आलं नाही, सुईनं कान जातात कधीकधी. त्यानं मोठ्यानं सांगितलं. तिला चांगलं ऐकू येत होतं.

“तवा तुमी म्हनलाव, कुनीच ठरवत न्हाई. मग आता तुमी कसं ठरवताव?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

“तुमाला आता कळालंय. त्याला तवापासून कळत हुतं,” ती म्हणाली, आणि भिंतीकडं वळली.

डॉक्टर उठला. बाहेर व्हरांड्यात ईश्वरप्पानं त्याला गाठलं. “तिचं काय ऐकताव? द्या की घोटून, भाकरीत घालून!”

“तिची मर्जी नसेल तर मला देता येत नाही, अप्पा.”

“मर्जी? माणूस मरून राहिलंय आन मर्जी?”

“समजवा तिला. तुमचं ऐकेल.”

तीस वर्षांत रत्नम्मानं नवऱ्याचं कधी ऐकलं होतं? पण हे डॉक्टरला कुठं सांगत बसायचं!

ईश्वरप्पानं एक शक्कल काढली. दुपारी तो दोन चिठ्ठ्या घेऊन आला आणि खाटेवर ठेवल्या. “हे बग. देवाला पुन्हा इचारू. तवाची गोष्ट तवा झाली. आता रोग वाढलाय, म्हंजे सवाल नवा. काढ.”

साखराबाई मान लांब करून बघू लागली. रत्नम्मानं चिठ्ठ्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. “तुमी लिव्हल्या?”

“हाव.”

“एकीत सुई, एकीत गोळी?”

“हाव.”

“मग दोनीबी उघडून दावा.”

ईश्वरप्पा चिठ्ठ्यांना हातच लावीना. दुकानात दिवसाला शंभर गोष्टी ठोकून देणारा माणूस, पण ही बाई समोर असली की त्याचं खोटं कपाळावर उमटायचं. साखराबाईनंच हात लांबवून चिठ्ठ्या उचलल्या. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोन्हीवर सारखंच चित्र आहे एवढं तिला दिसलं, आणि ती खो खो हसत सुटली.

रत्नम्माही हसली, मग खोकली, आणि पदर पुन्हा लाल झाला.

ते बघून ईश्वरप्पाचा ताबा सुटला. “मरायचंय का तुला? तसं सांग एकदा! माझी भाकर वाईट लागती, माझं तोंड बगायचं न्हाई, काय ते सांग! पण त्या येका कागदापायी मरून राहिलीस, लोकं शेण घालतील तोंडात!”

“वरडू नगा. लोकं झोपलीत.”

“झोपंनात!”

ती थोडा वेळ दम खात पडून राहिली. मग छताकडं बघत बोलली. “त्या सोमवारी डब्यात हात घातला, तवा मी बोलले त्याला. म्हनलं, सुई निघू दे न्हाईतर गोळी निघू दे, जे देशील ते मी हू का चू न करता घेईन. फकस्त ह्यांना ह्यो रोग लागू देऊ नगंस. तेवढंच मागितलं.” तिनं मान वळवली. “त्यानं पाळलंय की न्हाई? परवाच तुमची तपासनी झाली, तुमाला काय निघालं न्हाई. येवढे महिने माझ्याशेजारी राहून. त्यानं त्याचं पाळलं, आन मी माझं मोडू? आन मोडलं, आन तुमाला काय झालं तर?”

ईश्वरप्पा उठून व्हरांड्यात गेला, खांबाला टेकून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. तीस वर्षं आपण हिला हट्टी हट्टी म्हणत आलो, आणि ही बाई आपल्यापायी मरायला निघालीय. आपल्यासारख्या माणसापायी, ज्याला धड भाकरी थापता येत नाही.

डोळे पुसून तो थेट डॉक्टरच्या खोलीत शिरला. “तिला सांगा, मला रोग झालाय. सांगा, देवानं शब्द पाळला न्हाई. मग ती घेईल.”

देगलूरकरनं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. “मी खोटं सांगणार नाही, अप्पा.”

“तुमच्या खऱ्यानंच घोळ केलाय ह्यो! म्हाईत न्हाई, म्हाईत न्हाई! पह्यल्याच दिवशी कायतरी ठोकून दिलं असतं तर?”

“हो,” डॉक्टर म्हणाला. “घोळ माझ्याकडूनच झाला. चिठ्ठी म्हणजे काय ते मला नीट सांगता आलं नाही. पण एकदा तिच्याशी खोटं बोललो, तर पुढं ती माझ्या हातची कुठलीच गोळी घेणार नाही.”

ईश्वरप्पानं त्याच्याकडं बघितलं. पोरगं बिचारं, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. शिव्या द्यायला सुद्धा जागा ठेवली नाही त्यानं. “बरं, मग येक सांगा,” ईश्वरप्पा म्हणाला, “ताटातनं ह्यो रोग लागत न्हाई म्हनता, ते तरी नक्की म्हाईत हाय का?”

“ते नक्की माहीत आहे.”

“बगा हां.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा खोलीवरून डबा घेऊन आला. रत्नम्माच्या ताटात त्यानं अख्खी भाकरी वाढली, वर वरण, वर भात. तिनं हात आडवा धरेपर्यंत ताट भरलं होतं.

“येवढं कुठं जातंय मला?”

“देवाला दावून आनलंय. आता काढता येत न्हाई.”

तिनं संशयानं बघितलं, पण पोटात काहीतरी जाऊ द्यावं म्हणून बसली. दोन घास खाल्ले, तिसरा तोंडात घोळवत राहिली. तिच्यानं गिळवेना. ताटाकडं बघून तिचा जीव वरखाली होऊ लागला, कारण टाकायचं तर नव्हतं, आणि संपणार तर त्याहून नव्हतं.

“झालं?” ईश्वरप्पानं विचारलं.

“जाईना आता.”

“बरं.” त्यानं ताट आपल्याकडं ओढलं.

“हे काय?”

“परसाद हाय. टाकायचा न्हाई. घरातल्या मानसानं संपवायचा. तूच शिकवलंस.”

“खबरदार! हात लावू नगा त्याला!”

त्याला भीती वाटली नाही असं नाही. डॉक्टरनं नक्की सांगितलं होतं, पण डॉक्टरचं ‘नक्की’ डोक्यात होतं आणि भीती पोटात. तरी त्यानं तिच्या हातानं मोडलेला, तिच्या ओठाला लागलेला भाकरीचा तुकडा उचलला, वरणात बुडवला आणि तिच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला.

रत्नम्मा किंचाळली. सगळा वॉर्ड उठून बसला. सिंधु सिस्टर धावत आली. रत्नम्मानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याला हात लावला होता. “थुका! थुका म्हनते ना! शिवा शिवा, थुका!”

त्यानं सावकाश चावलं आणि गिळलं. मग म्हणाला, “आता ऐक. तू देवाशी बोललीस, मला इचारलं न्हाईस. मी तुझ्याशी बोलून राहिलोय. जवर तू ती गोळी घेत न्हाईस, तवर रोज तुझ्या ताटातलं उरलेलं मी खानार. तुझ्या फुलपात्रातलं पानी पिनार. तू देवाला सांगून मला वाचवतीस ना? वाचीव. बगू कोन जितंय ते.”

“आसं करू नगा हो,” ती रडायला लागली. “मी कशापायी करून राहिले हे सगळं?”

“माझ्यापायी. म्हनूनच.” त्यानं दुसरा तुकडा मोडला.

“थांबा!”

तो थांबला. तुकडा हातातच होता. तिनं त्याच्या मनगटावरची पकड सोडली नाही.

“देवाला काय सांगू मी?” रत्नम्मानं विचारलं.

“सांग, नवरा ऐकंना.”

तिनं डोळे मिटले. मुठीत लिंगाची डबी धरली. ओठ हलले, पण या वेळी थोडेच. मग डोळे पुसून म्हणाली, “सिस्टर, बोलवा डॉक्टरला. आना ती लाल गोळी.”

देगलूरकर आला. त्याच्या तळहातावर कॅप्सूल होती, पण त्यानं हात पुढं केला नाही. खाटेजवळ वाकून त्यानं विचारलं, “रत्नम्मा, तुमच्या मर्जीनं घेताय ना? कुणी जबरदस्ती नाही ना केली?”

“केली की,” ती म्हणाली. “तीस वरसं करून राहिलेत.”

साखराबाई फिस्सकन हसली. डॉक्टर मात्र हसला नाही. “मी खरंच विचारतोय. जबरदस्ती असेल तर मला नाही देता येणार.”

ईश्वरप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा खरं बोलणारा बाबा पुन्हा घोळ घालतोय!

रत्नम्मानं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या दाढीच्या खुंटात वरणाचा थेंब अडकला होता, सदऱ्यावर पिठाचे डाग होते, बोटं तव्यानं भाजून काळी झाली होती. ती बघत राहिली.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “बाई मानूस देवाकडं मागतंय की नवऱ्याआधी जावं. मीबी मागायची, रोज मागायची. पण ह्यांना बगा. ह्या मानसाला मागं ठिवून मी जाऊ कशी? मला जगायचंय. ही माझी मर्जी हाय, माझ्या येकटीची. ह्यात देवबी न्हाई आन हेबी न्हाईत. द्या.”

तिनं कॅप्सूल घेतली, फुलपात्रातल्या पाण्याबरोबर गिळली, आणि खात्री पटावी म्हणून डॉक्टरला तोंड उघडून दाखवलं.

मग ईश्वरप्पाच्या हातातला तुकडा तिनं काढून घेतला, आपल्या तोंडात टाकला, आणि ताट मांडीवर ओढलं.

“जा आता,” ती घास चावत म्हणाली. “हात धुऊन या. साबन लावून.”